भूतनाथ आणि आमच्या स्टाफरूममधल्या त्या बाई

गेल्या रविवारी नातीचा फोन आला. पुण्याला इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास सोडून कुठलंसं इंग्रजी पुस्तक वाचत बसली होती. जादू, काळोख, सूड, रक्त असलं सगळं. त्याचा दुसरा भाग नुकताच हाती लागलेला, त्यामुळे बाईसाहेब अगदी हरखलेल्या. म्हणाली, "आजी, दोघंही वाईट आहेत गं, आणि मला दोघंही आवडतात. पहिल्या भागात निदान एकाची बाजू घेता यायची. आता तेही नाही. वेड लागायची पाळी आलीय."

मी म्हटलं, "अगं, असलं पुस्तक आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी येऊन गेलं. काशीला. आणि तोही दुसराच भाग होता."

"आजी, इतिहासाचा तास सुरू करू नकोस हं," म्हणाली, आणि फोन तिच्या आईकडे दिला.

तर मंडळी, तो तास तिनं घेऊ दिला नाही म्हणून इथे घेते. तुम्ही फोन दुसऱ्याकडे देऊ शकत नाही, ही या जागेची सोय.

‘चंद्रकांता’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दूरदर्शनवरची मालिका आठवते. १९९४ साली सुरू झाली, रविवारी सकाळी लागायची. नीरजा गुलेरींची. सोमवारी वर्गात शिरावं तो मागच्या बाकावरून "यक्कू" असा आवाज यायचा. क्रूरसिंहाचं काम अखिलेंद्र मिश्र करायचे, त्यांचं हे पालुपद. मी एकदोघांना त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. (त्यांपैकी एक जण आता हा ब्लॉग वाचतो. बाळा, सॉरी हं.) मूळ पुस्तक वेगळं आहे आणि मालिकेहून पुष्कळ बरं आहे. पण आज मला ‘चंद्रकांता’बद्दल बोलायचं नाही. तिच्यापुढच्या ‘चंद्रकांता संतती’बद्दल बोलायचंय.

आधी लेखकाबद्दल थोडं. देवकीनंदन खत्री, जन्म १८६१, मुझफ्फरपूरकडचा. घराणं मूळचं पंजाबातलं. सुरुवातीचं शिक्षण उर्दू-फारसीतून, हिंदी आणि संस्कृत पुढे काशीला आल्यावर. गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापार होता, तो आटोपल्यावर काशीत स्थायिक झाले. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांच्याशी ओळख होती. तिथून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. म्हणजे हा माणूस लाकडाचा ठेकेदार! कामानिमित्त दिवसचे दिवस त्या डोंगरांत फिरायचा. चंद्रप्रभा नदीचं खोरं, राजदरी-देवदरीचे धबधबे, गुहा, आणि जागोजाग पडके किल्ले आणि गढ्या. पुढे ठेका सुटला. हातात काम उरलं नाही, डोक्यात मात्र ते पडके किल्ले राहिले. त्यातून १८८८ च्या सुमारास ‘चंद्रकांता’ आली.

आता इतिहासाच्या मास्तरणीला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. ते किल्ले नुसते पडके नव्हते. कादंबरीत चुनार आहे, विजयगढ आहे, रोहतासगढ आहे. तिन्ही खरे आहेत, आजही उभे आहेत. चुनार गंगेच्या काठावर, मिर्झापूर जिल्ह्यात. विजयगढ सोनभद्रात. रोहतासगढ बिहारात, शोण नदीच्या वर. रोहतासगढ १५३८ साली शेरशहानं घेतला. कसा घेतला? तर राजाला निरोप धाडला की माझ्या जनानखान्याला तेवढा आसरा द्या, आणि डोल्यांतून बायकांऐवजी शिपाई आत पाठवले, अशी कथा सांगतात. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण त्या मुलखात ही कथा शेकडो वर्षं घोळत होती आणि खत्रींच्या कानावर ती आली नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या पुस्तकात पानोपानी हेच चालतं. डोलीत एक दिसतं, निघतं भलतंच.

विजयगढची गोष्ट तर आपल्या मराठी इतिहासाला येऊन भिडते. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जनं काशीच्या राजा चेतसिंहाकडे पैशाचा तगादा लावला. राजाला त्याच्याच वाड्यात अटकेत टाकलं. काशी पेटली, कंपनीचे शिपाई कापले गेले, चेतसिंह निसटला आणि खुद्द हेस्टिंग्जला काशी सोडून चुनारच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. मग इंग्रजांनी उलट चाल केली. चेतसिंहाची आई खजिना घेऊन विजयगढावर होती. मेजर पॉपमनं त्याच वर्षी तो किल्ला घेतला, आणि खजिना हेस्टिंग्जच्या हाती लागायच्या आत त्याच्या पलटणीनं आपसांत वाटून टाकला. किल्ल्यातून बाहेर पडणाऱ्या बायकांना जी वागणूक मिळाली ती पुढे लंडनला बर्कनं हेस्टिंग्जवरच्या खटल्यात काढली. चेतसिंह कुठे गेला? महादजी शिंद्यांच्या आश्रयाला. ग्वाल्हेरलाच १८१० साली वारला. काशीच्या गादीवर त्याच्या भाच्याला बसवलं होतं, आणि त्याच घराण्यातल्या राजानं शंभर वर्षांनी खत्रींना जंगलाचा ठेका दिला.

म्हणजे पाहा. एक ठेकेदार, ज्याचा खजिना इंग्रजांनी खरोखर लुटून नेला त्या किल्ल्याच्या आसपास फिरतो आहे. आणि तो पुस्तक लिहितो कशाचं? तर डोंगराच्या पोटात पूर्वजांनी असा खजिना कोंडून ठेवलाय की ज्याच्या नावावर तो लिहिलाय त्याच्याशिवाय कुणालाच हात लावता येणार नाही. ह्याला त्यांच्या भाषेत ‘तिलिस्म’ म्हणतात. दार उघडायला पुस्तक लागतं, ते पुस्तक नेमक्या वारसालाच मिळतं. सगळ्या ‘चंद्रकांते’त आणि ‘संतती’त कुणी इंग्रज नाही. रेल्वे नाही, कलेक्टर नाही. चुनारला राजा आहे, नौगढला राजा आहे, कुणी कुणाचं मांडलिक असेल ते आपसांतलं. लोकांना हे पुस्तक इतकं का आवडलं याची कारणं देताना मंडळी रहस्य, प्रेम, कुतूहल सांगतात. मला वाटतं हेही एक कारण असावं. हा माझा अंदाज बरं का, पुरावा मागू नका.

तिलिस्म आणि ऐयार ह्या दोन्ही गोष्टी खत्रींनी शोधल्या नाहीत. त्या उर्दू दास्तानांतून आल्या. अमीर हमजाची दास्तान आणि तिच्यातलाच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा अजस्र पसारा लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं १८८३ पासून छापायला घेतला होता. लहानपणी प्रेमचंदही त्याच्यामागे वेडे झाले होते, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण होशरुबात खरी जादू आहे, जादूगार आहेत. खत्रींनी जादू काढून टाकली आणि तिच्या जागी यंत्रं बसवली, औषधं आणली. पुतळा हलतो, तर आत कळ आहे. माणूस बेशुद्ध पडतो, तर बुकनी हुंगवली आहे. ‘संतती’त एक तिलिस्मी खंजीर आहे. त्याची मूठ दाबली की विजेसारखा लखलखाट होतो, अंगाला लागला की माणूस थरथरून खाली पडतो. जोडीची अंगठी बोटात असेल तोच तो हाताळू शकतो. १८९० च्या दशकात हे लिहिलंय! काशीतल्या घरांत तेव्हा तेलाचेच दिवे.

आणि ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य, गवई आणि चोर, सगळं एकत्र. आपल्याला बहिर्जी नाईक आठवावेत असा. कमरेला बटवा, बटव्यात रंगरंगोटीचं सामान, बेहोशीची बुकनी आणि शुद्धीवर आणायला ‘लखलखा’, खांद्यावर भिंत चढायची दोरी. त्यांचा एक नियम फार सुंदर आहे. शत्रूचा ऐयार पकडला तरी त्याला जिवे मारायचं नाही, कैदेत ठेवायचं. तो मालकासाठी लबाडी करतो, तो त्याचा धंदा आहे.

‘चंद्रकांता’ ह्या नियमांवर चालते आणि म्हणून ती सोपी आहे. नौगढचा वीरेंद्रसिंह चांगला, विजयगढची चंद्रकांता चांगली, चुनारचा शिवदत्त वाईट, दिवाणाचा पोरगा क्रूरसिंह तर नावापासूनच वाईट. तेजसिंह ऐयार चांगल्यांच्या बाजूला. लग्न होतं, पुस्तक संपतं. दोन दिवसांत वाचून होतं.

मग १८९४ पासून १९०५ पर्यंत चोवीस भागांत ‘संतती’ आली. मध्ये १८९८ साली खत्रींनी काशीत स्वतःचा छापखानाही काढला, लहरी प्रेस. नावाप्रमाणे नायक म्हणजे चंद्रकांतेची दोन मुलं, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह. दोन्ही पोरं शूर, देखणी आणि (माझं स्पष्ट मत) कंटाळवाणी. खत्रींनाही ती कंटाळवाणी वाटली असावीत. कारण पाचसात भाग होताहेत तोवर एक माणूस गोष्टीत शिरतो आणि हळूहळू ती सगळी बळकावून बसतो. तो भूतनाथ.

(ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळावेत.)

भूतनाथाचं खरं नाव गदाधरसिंह. ऐयार म्हणून तेजसिंहाच्या तोडीचा. लोक तो मेला असं समजतात. तो मेला असावा अशीच त्याच्या घरच्यांची इच्छा असावी, कारण सख्खा भाऊ शेरसिंह त्याच्या नावानं थरथरतो. मुलगी कमला दुसऱ्यांच्या पक्षात इमानानं काम करते आणि बापाबद्दल तिला धड काही ठाऊक नाही. ह्यानं पूर्वी काय काय केलंय ते लेखक सांगत नाही. फक्त जुन्या पत्रांचा गठ्ठा कुणी समोर धरला की हा एवढा पराक्रमी माणूस पांढरा पडतो. आणि तरीही पुस्तकातली मोठी मोठी कामं तोच करतो. जमानियाचा राजा गोपालसिंह मेला अशी आवई उठवून त्याच्या राणीनंच, मायाराणीनं, त्याला कोंडून ठेवलेलं असतं. त्याच्या सुटकेत भूतनाथाचा हात आहे. कमलिनी नावाची एक फार हुशार बाई त्याच्यावर विश्वास टाकते, पण डोळे उघडे ठेवून. तो चांगलं करतो ते चांगला आहे म्हणून नव्हे. चांगली कामं इतकी रचून ठेवावी की जुनी पत्रं बाहेर पडतील त्या दिवशी कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल, एवढाच त्याचा हिशेब. मध्येच जुनी सवय उफाळते, पैसा दिसतो, आणि हा पुन्हा घसरतो.

त्याच्यासमोर जमानियाचा दारोगा. साधूच्या वेषातला, गोड बोलणारा, राजघराण्याच्या विश्वासातला. खरी मायाराणी ही मायाराणी नव्हेच, लग्नाच्या वेळी नवरी बदलली होती, आणि त्या कटाच्या मुळाशी हा दारोगा. भूतनाथाला हे सगळं फार आधी कळलेलं असतं. त्यानं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर किती जणांचं आयुष्य वाचलं असतं. पण त्यानं पैसे घेऊन तोंड बंद ठेवलं. शेवटी राजापुढे भूतनाथाचा मुकदमा चालतो तेव्हा दारोगा आणि तो समोरासमोर येतात. दोघंही गुन्हेगार. एकाच्या चेहऱ्यावर लाज आहे, दुसऱ्याच्या नाही. फरक म्हणाल तर एवढाच, आणि खत्री त्या एवढ्याशा फरकावर सगळा निकाल लावतात. भूतनाथाला क्षमा मिळते. अट म्हणा, वचन म्हणा, एकच: त्यानं आपली जीवनकथा स्वतः लिहून द्यायची. तीच पुढची कादंबरी, ‘भूतनाथ’. तिचे सहा भाग लिहून १९१३ साली खत्री वारले. उरलेले भाग त्यांच्या मुलानं, दुर्गाप्रसाद खत्रींनी लिहून एकवीस पुरे केले.

विद्वानांनी ह्या पुस्तकांचं काय केलं? रामचंद्र शुक्लांनी १९२९ च्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना श्रेय दिलं ते वाचक तयार केल्याचं. ह्या माणसानं जेवढे हिंदी वाचक निर्माण केले तेवढे दुसऱ्या कुणी केले नाहीत, उर्दूवाले कित्येक जण ह्यासाठी हिंदी शिकले, असं त्यांचं म्हणणं. आणि साहित्य म्हणून मात्र दाराबाहेर ठेवलं. त्या काळाकडे पाहिलं तर पहिली गोष्ट काही छोटी नव्हे. तिकडे कचेऱ्यांत फारसी लिपीचा अंमल होता. १८९३ मध्ये काशीत नागरी प्रचारिणी सभा निघाली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि १९०० च्या एप्रिलमध्ये मॅकडोनेल साहेबानं कचेऱ्यांत नागरी चालेल असा हुकूम काढला. त्या सगळ्या वर्षांत ‘संतती’चे भाग निघत होते आणि लोक पुढच्या भागासाठी नागरी अक्षरं गिरवत होते. भाषाही कशी, तर साधी, बोलण्यातली, उर्दू-संस्कृतचं भांडण न लावणारी.

आपल्याकडे त्याच सुमाराला वारं उलट दिशेनं वाहत होतं. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची, तिथे आमची अद्भुताची हौस फिटली होती. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची यमू आली. काशीला वाचक भूतनाथासाठी जागत होते तेव्हा पुण्याला वाचक यमूसाठी रडत होते. मी यमूच्या बाजूची. बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतलेली मुलगी दुसऱ्या कुठल्या बाजूची असणार!

आणि इथे त्या बाई येतात.

आमच्या शाळेत इतिहासाला आम्ही दोघी. मी १९७२ ला लागले, त्या वर्षभरानं. नाव लिहीत नाही, ‘त्या बाई’ एवढंच म्हणते. राष्ट्रभाषेच्या परीक्षा आम्ही दोघींनीही दिलेल्या, पण मी ‘प्रवीण’नंतर हिंदी सोडलं आणि त्या वाचत राहिल्या. मधल्या सुट्टीत डबा अर्ध्यावर ठेवून खाकी कव्हर घातलेलं जाड पुस्तक उघडायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "चंद्रकांता संतती. चौथ्यांदा." मी नाक मुरडलं असणार. म्हटलं, "इतिहासाच्या शिक्षकानं हे वाचायचं?" त्या हसल्या. "पहिला भाग पोरांसाठी आहे, बाई. दुसरा आपल्यासाठी."

आमचं भांडण असं कधी झालं नाही. पण स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या तासाला पोरं हसायची, माझ्या तासाला पोरं लिहायची. निकाल माझा वर, मुलं त्यांच्या घरी. १९८९ मध्ये पर्यवेक्षिकेची जागा निघाली. सेवेनं मी वर्षभर वर, पण संस्थेत त्यांच्या नावाची चर्चा होती. त्या दिवसांत मी एकदा काही कामानं मुख्याध्यापकांकडे गेले होते. उठता उठता, अगदी सहज, म्हणाले की त्या बाई वर्गाला लेखन देतात आणि टेबलावर कादंबरी वाचतात.

हे खोटं नव्हतं. एकदा मी खिडकीतून पाहिलं होतं. एकदाच.

जागा मला मिळाली. माझ्या त्या बोलण्यानंच मिळाली असं नाही, नियमानं मिळाली असंही म्हणता येईल. पस्तीस वर्षं मी तसंच म्हणत आलेय.

चार वर्षांनी, १९९३ च्या एप्रिलमध्ये, निकालाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. परीक्षा विभाग तेव्हा त्यांच्याकडे होता. पिशवीतून नववीच्या एका मुलीची इतिहासाची उत्तरपत्रिका काढली. "बाई, बेरीज पुन्हा करा." केली. त्रेचाळीस गुण होते, मी चौतीस लिहिले होते. एका गुणानं मुलगी नापास! माझ्या हाताला घाम फुटला. पर्यवेक्षिकेची अशी चूक म्हणजे लेखी खुलासा, संस्थेपर्यंत बोभाटा. त्या म्हणाल्या, "पक्क्या रजिस्टरात अजून चढवलेलं नाही. इथेच दुरुस्त करून सही करा." केली. चहा घेतला, आणि गेल्या. शाळेत कुणालाही एक अक्षर कळलं नाही.

त्यांना माझं ते मुख्याध्यापकांकडचं बोलणं माहीत होतं का? कधी वाटतं, असणारच, शाळेत काय लपतं? कधी वाटतं, माहीत असतं तर त्या आल्या नसत्या. आणि कधी वाटतं, माहीत होतं म्हणूनच आल्या. मी विचारलं नाही. निवृत्त झाल्यावर हळदीकुंकवाला, लग्नकार्याला भेटी होत राहिल्या. दर वेळी ओठावर यायचं आणि मी पाककृती विचारायचे.

२०१२ साली आम्ही दोघं आणि माझे दीर-जाऊ काशीयात्रेला गेलो. चुनार पाहायचंच असा मी हट्ट धरला. का ते ह्यांना सांगितलं नाही. किल्ल्याचा बराचसा भाग पीएसीच्या प्रशिक्षणाला दिलेला, उरलेल्या भागात भर्तृहरीची समाधी, सोनवा मंडप, एक भयंकर खोल विहीर आणि हेस्टिंग्जचा बंगला. दाखवणारा मुलगा प्रत्येक काळोख्या कोपऱ्याशी थांबून "यही तिलिस्म है" म्हणत होता. हेस्टिंग्ज कोण हे त्याला सांगता आलं नाही, चंद्रकांता मात्र तोंडपाठ. खाली गंगेचं वळण दिसत होतं. तिथे उभं असताना मला त्या बाईंची इतकी आठवण झाली की परतताना मुगलसराय स्टेशनवर (आता नाव बदललंय) ‘संतती’चे सहाही खंड घेतले. दिरांनी ओझ्यावरून पुष्कळ कटकट केली.

गाडीतच सुरुवात केली ती महिनाभर सोडलं नाही. वयाच्या साठीनंतर पहिल्यांदा मी भाकरी करपवली. गंमत अशी की भूतनाथावर मी चिडत होते. हा माणूस सरळ जाऊन सांगत का नाही? समोर कमलिनी बसलीय, ती ऐकून घेईल हे स्पष्ट दिसतंय, आणि हा मात्र विषय बदलतो. पंधराव्या की सोळाव्या भागाशी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी नक्की कुणावर चिडलेय.

त्याच दिवाळीत त्यांना फोन केला. म्हटलं, बाई, संतती वाचली. एवढ्या खूश झाल्या! अर्धा तास बोललो. मायाराणी, कमलिनी, नानक कसा बावळट, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, "भूतनाथाला माफ करायला नको होतं असं नाही ना वाटलं तुम्हाला?" मी म्हटलं, "मला वाटतं दारोगालाच सोडला नाही ते बरं झालं." झालं. पुन्हा पाककृतीच.

२०१७ मध्ये त्या गेल्या. त्यांची मुलगी अधूनमधून हे पान वाचते, दोनदा अभिप्रायही दिलाय तिनं. तिच्या आईबद्दलची ही १९८९ ची गोष्ट तिला इथे पहिल्यांदाच कळत असेल, किंवा नसेलही. बेटा, फोन करावासा वाटला तर कर, दुपारी चारनंतर मी घरीच असते. करावासा नाही वाटला तरी मला समजेल.

‘भूतनाथ’ मी सहाव्या भागापर्यंत वाचलंय, म्हणजे वडिलांनी लिहिलंय तिथपर्यंत. त्यातला गदाधरसिंह तरुण आहे, अजून फार वाईट झालेला नाही. गोष्ट जाणार कुठे हे आपल्याला ‘संतती’मुळे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे तो हसला तरी जीव दडपतो. सातवा भाग कपाटात आहे.

हे लिहीत असताना नातीचा मेसेज आला. तिचं ते इंग्रजी पुस्तक संपलं, तिसरा भाग यायला अजून वेळ आहे. विचारतेय, "तुझं ते काशीवालं पाठव. पण हिंदी आहे ना? आणि डायरेक्ट संततीच वाचू का, पहिलं सोडून?" तिला कळवलंय की पहिलं सोडायचं नाही. दोन दिवसांचं काम आहे. अडलेले शब्द फोनवर विचारावेत.